बेडफर्ड ॲव्हेन्यूचे १४ ब्लॉक: थट्टा कोणाच्या दारात गेली?

१९ डिसेंबर २००९ हा शनिवार होता. त्या दिवशी न्यूयॉर्कवर मोठं हिमवादळ चालून आलं. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात बेडफर्ड ॲव्हेन्यूवरचा सायकलपट्टा शहराने पुसला, म्हणून सायकलस्वारांचा एक गट निषेधाची फेरी काढणार होता, आणि ती उघड्या अंगाने काढणार हे त्यांनी आधीपासून गाजवलं होतं. बर्फाने आणि वाऱ्याने तो बेत मोडला. तेव्हा काहींनी जाड कोट अंगावर तसेच ठेवले, त्यांच्यावरून प्लास्टिकचे स्तन बांधले आणि सायकली हाणल्या. ज्या हसिदी, म्हणजे कर्मठ ज्यू, वस्तीला डिवचायला ही फेरी निघाली होती, तिथल्या घराघरांत त्या वेळी शब्बात, म्हणजे शनिवारचा धार्मिक विसावा, पाळला जात होता. हनुक्काच्या सणाचा शेवटचा दिवसही तोच.

धार्मिक ज्यू वस्त्यांमध्ये पेहरावाचे जे कडक नियम असतात, त्यांना हसून, चिडवून, सोंग आणून उत्तर देण्याचे प्रकार अनेक ठिकाणी झाले. त्यातलं विल्यम्सबर्गचं हे प्रकरण मला सगळ्यात बारकाईने पाहण्यासारखं वाटतं. इथे एकाच रस्त्यावर, तीन आठवड्यांच्या आत, तीन निरनिराळ्या तऱ्हांनी खिल्ली उडवली गेली. तिन्हींचा राग एकाच निर्णयावर होता, पण प्रत्येक वेळी थट्टा वेगळ्या दारात जाऊन उभी राहिली. कोणती थट्टा कोणाला लागली, आणि ज्यांना लागली त्यांचा त्या निर्णयाशी किती संबंध होता, एवढंच मला इथे तपासायचं आहे.

वस्ती आणि तिचे नियम

दक्षिण विल्यम्सबर्गमधले बहुसंख्य हसिदी लोक सात्मार पंथाचे. सात्मार हे नाव आजच्या रुमानियातल्या सातू मारे या गावावरून आलं. पंथाचे रेबे, म्हणजे गुरू, योएल टाइटलबाउम हे नाझी संहारातून वाचले, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आले आणि इथे स्थायिक झाले. त्यांच्याभोवती जी माणसं जमली, त्यातली कितीतरी आपापल्या कुटुंबातून एकटीच उरलेली होती. गावंच्या गावं पुसली गेली होती. त्यांनी इथे भाषेपासून टोपीपर्यंत सगळं जसंच्या तसं उभं करायचं ठरवलं. घरातली भाषा यिडिश राहिली, मुलामुलींच्या शाळा वेगळ्या राहिल्या, कपडे तसेच राहिले. या वस्तीच्या कपड्यांबद्दल बोलताना एवढी पार्श्वभूमी विसरून चालत नाही. तिथे अंगरख्याची लांबी हा फॅशनचा प्रश्न नसतो. मेलेल्या माणसांशी राखलेलं ते इमान असतं.

शालीनतेला हिब्रूत त्स्नियूत म्हणतात, यिडिश बोलणारे त्स्निउस म्हणतात. बाईसाठी त्याचा ढोबळ अर्थ असा: बाही कोपराखाली, गळा गळपट्टीच्या हाडापर्यंत बंद, स्कर्ट गुडघ्याखाली, पायांत जाड मोजे, आणि लग्नानंतर केस झाकलेले. सात्मार बायका लग्नानंतर डोकं भादरतात आणि केसांचा टोप घालतात. पुष्कळजणी त्या टोपावर आणखी छोटी टोपी किंवा रुमाल बांधतात. पुरुषही जुलैच्या उकाड्यात लांब काळा कोट घालून फिरतात, हेही खरं. पण नियम मोडला की पहिली नजर कोणाकडे वळते, हे सांगायची गरज नाही.

आपल्याकडच्या वाचकांना ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायल आठवतात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. त्यांच्या बायका साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन सिनेगॉगमध्ये जात आल्या. त्यांच्याही डोक्यावर काही असायचं, पण ते विल्यम्सबर्गच्या टोपासारखं नव्हतं. सात्मारची रीत म्हणजे समस्त ज्यूंची रीत, असं समजायचं नाही, म्हणून हे सांगितलं. ऑर्थोडॉक्स ज्यूंमध्येसुद्धा सात्मारच्या कडकपणाशी सहमत नसलेले पुष्कळ आहेत.

आता नियमाची हद्द कुठपर्यंत जाते ते बघू. घरातल्या आणि पंथातल्या बाईने काय घालावं, हे पहिलं वर्तुळ. बाहेरच्या गिऱ्हाइकाने हसिदी दुकानात कसं यावं, हे दुसरं. सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाने कसं दिसावं, हे तिसरं. या तीन वर्तुळांतला फरक हातातून सुटला की पुढचं सगळं भांडण गढूळ होतं, आणि २००९ मध्ये तो सुटलाच.

पट्टा का पुसला गेला

बेडफर्ड ॲव्हेन्यू हा ब्रुकलिनचा सगळ्यात लांब रस्ता. उत्तर विल्यम्सबर्गमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना कॅफे, गाण्याच्या जागा आणि तरुण गोऱ्या भाडेकरूंची गर्दी. दक्षिणेकडे तोच रस्ता हसिदी वस्तीतून जातो. उत्तरेकडून सरकत येणाऱ्या या नव्या रहिवाशांना हसिदी लोक यिडिशमध्ये ‘आर्टिस्टन’ म्हणत, म्हणजे कलाकार. त्या शब्दात कौतुक अजिबात नव्हतं. २००४ च्या सुमाराला आर्टिस्टनच्या विरोधात वस्तीत मोहीमच उघडली गेली होती. २००५ मध्ये शहराने विल्यम्सबर्ग आणि ग्रीनपॉइंटच्या नदीकाठची जमीन निवासी इमारतींसाठी खुली केली आणि भाडी, किमती भराभर वर गेल्या. हसिदी घरात सहा-आठ मुलं ही नेहमीची गोष्ट, त्यामुळे जागेची टंचाई तिथे आधीपासूनच जीवघेणी होती. कपड्यांवरच्या रागामागे हा जागेचा रागही होता. त्या वेळच्या थट्टेत मला तो कुठेच दिसत नाही.

सायकलपट्टा म्हणजे रस्त्यावर पांढऱ्या रंगाने आखलेली, सायकलींसाठी राखलेली जागा. बेडफर्डवर तो होता. २००८ मध्ये हसिदी समाजातल्या काही पुढाऱ्यांनी उघडपणे तक्रार केली की अपुऱ्या कपड्यांतल्या सायकलस्वार बायका आमच्या दारांवरून जातात आणि ते आम्हाला सोसत नाही. त्याच तक्रारीला दुसरी बाजू होती ती मुलांची. या वस्तीत रोज सकाळ-संध्याकाळ पिवळ्या शाळाबसेसची रीघ लागते. मुलं बसमधून उतरतात ती थेट सायकलच्या वाटेत.

मला ही दुसरी तक्रार खरी वाटते. पहिलीला मात्र सार्वजनिक रस्त्यावर जागा नाही, कारण ती तिसऱ्या वर्तुळातली आहे. रस्ता सगळ्यांचा असतो, आणि परक्या बाईचा शॉर्ट स्कर्ट नजरेला पडू नये म्हणून शहराने रस्त्याची आखणी बदलायची नसते. अडचण अशी झाली की दोन्ही तक्रारी एकाच पुडक्यात बांधून पुढे आल्या. वर्तमानपत्रांनी त्यातली चटकदार तेवढी उचलली.

३ नोव्हेंबर २००९ ला महापौर मायकेल ब्लूमबर्ग तिसऱ्यांदा निवडून आले, तेही पाच टक्क्यांहून कमी फरकाने. डिसेंबरच्या सुरुवातीला शहराच्या वाहतूक खात्याने बेडफर्डवरचा फ्लशिंग ॲव्हेन्यू ते डिव्हिजन ॲव्हेन्यू हा १४ ब्लॉकचा पट्टा घासून काढला. हसिदी मतं एकगठ्ठा पडतात हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हा मतांचा सौदा आहे असा आरोप लगेच झाला. वाहतूक खात्याच्या आयुक्त त्या वेळी जॅनेट सादिक-खान होत्या, आणि न्यूयॉर्कमध्ये सायकलमार्गांचं जाळं पसरवण्याबद्दल त्यांचं नाव होतं. खात्याचं म्हणणं असं की जाळ्यात असे बदल होतच असतात, जवळच केंट ॲव्हेन्यूवर दोन्ही दिशांना जाणारा सुरक्षित सायकलमार्ग तयार आहे, तो वापरावा.

म्हणजे जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होतं. मागणी वस्तीच्या पुढाऱ्यांची, निर्णय शहराचा. सात्मारच्या सामान्य घरातल्या बाईला या दोन्हींत कोणीही विचारलेलं नव्हतं.

तीन थट्टा

पहिली थट्टा रंगाच्या डब्याने झाली. पट्टा पुसल्यानंतर काही दिवसांतच, पहाटेच्या अंधारात काही तरुण रोलर आणि साचे घेऊन आले आणि त्यांनी पट्टा पुन्हा रंगवायला घेतला. सायकलचं चिन्हसुद्धा सरकारी वाटावं असं काढलं. वस्तीतल्या शोमरिम या स्वयंसेवी गस्तपथकाच्या लोकांनी त्यांना गाठलं, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. शहराने तो रंगही पुसला.

या कृत्यात कायदा मोडला गेला, हे मान्य. तरी उपहास म्हणून मला ते तिघांत सगळ्यात नेमकं वाटतं. त्यात कोणाच्या शरीराची, कपड्याची, धर्माची टवाळी नव्हती. शहराचंच काम शहराच्याच चिन्हांनी पुन्हा करून दाखवलं होतं. तुम्ही रात्रीत पुसता, आम्ही रात्रीत काढतो. बाण थेट वाहतूक खात्याकडे गेला.

दुसरी थट्टा अंत्ययात्रेची. सायकलच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी मेलेल्या पट्ट्याची प्रेतयात्रा काढली. शवपेटी होती, शोकाचे कपडे होते, पितळी वाद्यांचा बँड होता. हा निषेधाचा जुनाच प्रकार आहे आणि तो चालतो, कारण मेलेलं काय आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. त्यांनी एका सार्वजनिक सोयीचा शोक केला. यात्रा वस्तीतून गेली खरी, पण वस्तीतल्या माणसाला तिच्याकडे बघून स्वतःच्या आईबहिणीचा अपमान झाला असं वाटायचं कारण नव्हतं. त्याला राग आला असेल तर तो सायकलचा.

तिसरी ही १९ डिसेंबरची फेरी. ती आखणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ होता. तुम्हाला आमचे उघडे दंड खुपतात ना, मग आम्ही सगळंच उघडं करतो. हसण्याची ही रीत माझ्या परिचयाची आहे. समोरच्याची तक्रार टोकापर्यंत ताणायची, म्हणजे तिचा पोकळपणा दिसतो. पुष्कळ चांगलं विडंबन असंच जन्मतं. इथे मात्र ते फसलं, आणि का फसलं ते तपशिलात बघण्यासारखं आहे.

एक म्हणजे दिवस. शनिवारी हसिदी माणूस गाडीत बसत नाही, फोन उचलत नाही, कॅमेऱ्याला हात लावत नाही. संपूर्ण आठवड्यात तो याच दिवशी बायकामुलांसकट रस्त्यावर पायी दिसतो, सिनेगॉगला जाताना आणि परतताना. वाद वाहतुकीचा असता तर सोमवारी सकाळी आठला, शाळाबसेसच्या वेळी, महापालिकेच्या दारात जायला हवं होतं. शनिवार निवडल्यावर निर्णय घेणाऱ्यांची सगळी कार्यालयं बंद होती आणि फक्त कुटुंबं समोर होती. कोणी मुद्दाम शब्बात साधला की सुट्टीचा दिवस म्हणून सोयीने शनिवार घेतला, याने माझ्या लेखी फरक पडत नाही. समोर आली ती कुटुंबंच.

दुसरं म्हणजे साधन. कोटावर बांधलेले प्लास्टिकचे स्तन कोणाची नक्कल करत होते? महापौराची नाही, वाहतूक खात्याचीही नाही. पंथाच्या पुढाऱ्यांनी बाईचं शरीर म्हणजे रस्त्यावरचा धोका ठरवलं होतं. थट्टा करणाऱ्यांनी बाईचं शरीर म्हणजे त्या धोक्याला दाखवायचा वाकुल्यांचा मुखवटा ठरवलं. दोघांच्या भांडणात बाईचा देह हेच हत्यार. सायकलवरून कामाला जाणाऱ्या साध्या मुलीची मागणी एवढीच होती की मला सुखरूप जाऊ द्या. तिची मागणी या गदारोळात हरवली. ही फेरी आखण्यात बायका पुढे होत्या, हे मला ठाऊक आहे. तरी माझं मत तेच राहतं.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त सलणारं, ते असं की या फेरीने शहराला मोकळं सोडलं. ‘नागवे हिपस्टर विरुद्ध सोवळे ज्यू’ हे चित्र इतकं सोपं आणि इतकं छापण्याजोगं होतं की १४ ब्लॉकचा पट्टा कोणाच्या सहीने, कोणत्या पाहणीवरून, कोणाशी बोलून काढला, हे प्रश्न मागे पडले. रंग आणि शवपेटी यांनी जो रोख सत्तेकडे वळवला होता, तो फेरीने शेजाऱ्याकडे फिरवला. पट्टा परत आला नाही.

याच काळात विल्यम्सबर्गमध्ये एक सायकलचं दुकान होतं, त्याचं नाव ‘ट्रेफ बाइक गेशेफ्ट’. ट्रेफ म्हणजे जे कोशर नाही ते, धर्माला न चालणारं. गेशेफ्ट म्हणजे धंदा. दुकान चालवणारा स्वतः ऑर्थोडॉक्स घरात वाढलेला होता आणि हसिदी पुरुषांना सायकली वापरायला देत असे. या नावातली गंमत यिडिश येणाऱ्यालाच कळते, आणि ज्याला कळते तो आधी हसतो, मग कदाचित आत येतो. आपल्यावर आपल्या भाषेत केलेला विनोद माणूस ऐकून घेतो. पुरीमच्या सणाला हसिदी घरांमध्येही सोंगं येतात, नाटकं होतात, एरवी न बोलता येणाऱ्या गोष्टी त्या दिवशी बोलल्या जातात. या लोकांना विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्याने त्यांचा पुरीम पाहिलेला नसतो.

नियमाचं ओझं कोणावर होतं

थट्टेचा सगळा गलका तिसऱ्या वर्तुळाबद्दल होता, परक्या सायकलवालीबद्दल. तिला चार नाराज नजरा सोसाव्या लागल्या, आणि पट्टा गेल्यावर दुसऱ्या रस्त्याने जावं लागलं. पहिल्या वर्तुळातल्या बाईची गोष्ट वेगळी आहे.

मे २००४ मध्ये जेरुसलेमचे ज्येष्ठ रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी निर्णय दिला की भारतातल्या केसांचे टोप घालणं निषिद्ध आहे. कारण होतं तिरुपती. तिरुमलाच्या देवळात भाविक केस अर्पण करतात, ते केस लिलावात विकले जातात आणि जगभरच्या टोपांच्या कारखान्यांत पोचतात. रब्बींच्या दृष्टीने ते मूर्तिपूजेशी जोडलेले केस ठरले. आपल्यातले किती लोक तिरुपतीला जाऊन डोकं भादरून आले असतील, आणि ते केस ब्रुकलिनमध्ये एखाद्या बाईच्या शालीनतेचं आच्छादन झाले असतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. निर्णय आला आणि विल्यम्सबर्गच्या रस्त्यावर टोपांच्या होळ्या पेटल्या. शेकडो, कधी हजारो डॉलर देऊन घेतलेले टोप. नियम पाळण्यासाठी बाईने जे विकत घेतलं, तेच नियमाने एका आठवड्यात अपवित्र ठरवलं. ज्यांच्याकडे दुसरा टोप नव्हता त्यांनी रुमाल बांधला, कृत्रिम केसांचे टोप शोधले.

डिसेंबर २०१२ मध्ये याच वस्तीतला एक परवाना नसलेला समुपदेशक एका मुलीच्या लैंगिक छळाबद्दल दोषी ठरला. जानेवारी २०१३ मध्ये त्याला १०३ वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर कमी केली गेली. मुलीला त्याच्याकडे पाठवलं होतं ते ‘सुधारण्यासाठी’. ती प्रश्न विचारायची, तिचे कपडे पुरेसे शालीन नाहीत असा शाळेचा आक्षेप होता. खटला उभा राहिल्यावर वस्तीतल्या पुष्कळांनी आरोपीसाठी निधी गोळा केला. बंद खोलीच्या दारापर्यंत मुलीला घेऊन गेला तो शालीनतेचाच नियम. तिच्यापर्यंत कोणतंही विडंबन पोचण्यासारखं नव्हतं. तिला उपयोगी पडला तो सरकारी वकील, आणि कोर्टात दिवसच्या दिवस साक्ष देण्याची तिची स्वतःची हिंमत.

मधल्या काळात रस्त्यावरची ओढाताण चालूच राहिली. सप्टेंबर २०११ मध्ये बेडफर्डवरच्या झाडांना यिडिश फलक ठोकलेले दिसले. ज्यू मुलींनी समोरून पुरुष आला की बाजूला व्हावं, अशी विनंती त्यांवर होती. उद्यान खात्याने ते काढले, कारण झाड शहराचं. २०१२ मध्ये ली ॲव्हेन्यूवरच्या हसिदी दुकानांतल्या पाट्यांवरून वाद झाला. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं: शॉर्ट्स नको, अनवाणी नको, बिनबाह्यांचे कपडे नकोत, खोल गळा नको. शहराच्या मानवी हक्क आयोगाने सात दुकानांविरुद्ध कारवाई सुरू केली. दुकानदारांची बाजू घेणाऱ्यांनी विचारलं की मॅनहॅटनमधली महागडी रेस्टॉरंटं कोट-टायशिवाय आत घेत नाहीत, ते चालतं, मग आमचंच का खुपतं? प्रश्न रास्त होता. हे दुसरं वर्तुळ, आणि इथे दोन्ही बाजूंकडे काहीतरी होतं. जानेवारी २०१४ मध्ये तडजोड झाली. दंड नाही, पण पुढे पाटी लावलीच तर सगळ्यांचं स्वागत आहे हे त्यावर स्पष्ट असायला हवं. त्या पाट्यांवरचा हा तोडगा मला पटतो. विनंती करण्याचा हक्क राहिला, हाकलण्याचा गेला.

बेत शेमेशच्या बायका

तिसऱ्याच वर्तुळातला वाद इस्रायलमधल्या बेत शेमेश शहरात वेगळ्या वाटेने गेला. जेरुसलेमच्या पश्चिमेला असलेल्या या शहरात अतिधार्मिक वस्त्या वाढत गेल्या, तसे रस्त्यांवर मोठाले फलक लागले. बायकांनी शालीन कपडे घालावेत. सिनेगॉगसमोरच्या फुटपाथवर बायकांनी थांबू नये. २०११ मध्ये तिथल्या धार्मिक शाळेत जाणाऱ्या लहान मुलींवर थुंकण्यापर्यंत कडव्या लोकांची मजल गेली, आणि देशभर संताप उसळला. लक्षात घ्या, या मुलीही लांब बाह्या आणि लांब स्कर्टमध्येच होत्या.

जानेवारी २०१२ मध्ये त्या शहरातल्या सुमारे अडीचशे बायका भर चौकात जमल्या आणि ठरवून, तालात नाचल्या. कोणी पँटमध्ये, कोणी डोक्याला रुमाल बांधून, लांब स्कर्टमध्ये. त्यांनी कोणाच्या कपड्यांची नक्कल केली नाही. रस्त्यावर बाई दिसू नये म्हणणाऱ्यांना त्या फक्त दिसल्या, एकदम अडीचशेच्या संख्येने, हसत. विल्यम्सबर्गच्या फेरीशी ताडून बघितलं तर जमीनअस्मानाचा फरक. या बायका तिथेच राहत होत्या, दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात भाजी घ्यायला जाणार होत्या. त्यातल्या कितीजणी स्वतः त्स्नियूत पाळणाऱ्या होत्या, आणि तरीही फलक नको म्हणत होत्या. नियम आम्ही पाळतो, तो रस्त्यावर टांगायचा अधिकार तुमचा नाही, एवढं साधं म्हणणं.

नाच झाला म्हणून फलक उतरले नाहीत. त्यासाठी चार बायका महापालिकेविरुद्ध कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये कोर्टाने प्रत्येकीला १५,००० शेकेल भरपाई द्यायला लावली. महापालिका हलेना. पुढे फलक काढले नाहीत तर रोज १०,००० शेकेल दंड, इथपर्यंत गोष्ट गेली. उतरवलेल्या फलकांच्या जागी रातोरात नवे उभे राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही महापालिकेचं ऐकलं नाही. त्याच वर्षी शहराने अलिझा ब्लोख यांना महापौर निवडलं. त्या बेत शेमेशच्या पहिल्या महिला महापौर, आणि स्वतः धार्मिक. चौकातला नाच आणि कोर्टातला अर्ज या दोन्हींचा रोख शेवटपर्यंत महापालिकेवर राहिला. फलक कोणाच्या खांबावर आहे आणि तो उतरवायचं काम कोणाचं आहे, हे त्या बायकांनी कधी नजरेआड होऊ दिलं नाही. शेजारणीच्या टोपावर त्यांनी बोट ठेवलं नाही.

विल्यम्सबर्गमध्ये असं का झालं नाही, याचं एक कारण उघड आहे. तिथे थट्टा करणारे उत्तरेकडचे होते, भाड्याने आलेले, पुष्कळसे काही वर्षांत दुसरीकडे जाणारे. आतल्या बायकांशी त्यांची ओळख नव्हती, आणि ओळख नसलेल्या माणसाच्या वतीने हसता येत नाही. आतल्या बायकांना बोलायला जागा नव्हती, कारण बोलली की मुलांच्या शाळा-प्रवेशापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं पणाला लागतं. परकी सायकलवाली आणि आतली बाई, या दोघींची गाठ पडली असती तर त्यांनी काय मागितलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. माझ्या मते दोघींनीही आधी पिवळ्या बसच्या दाराशी एक सुरक्षित कट्टा मागितला असता.

२०२५ च्या जूनमध्ये बेडफर्ड ॲव्हेन्यू पुन्हा बातम्यांत आला. २००९ मध्ये पुसलेला पट्टा दक्षिणेला जिथे संपत होता, त्या फ्लशिंग ॲव्हेन्यूपासून विलोबी ॲव्हेन्यूपर्यंतच्या तीन ब्लॉकमध्ये नुकताच नवा सायकलमार्ग झाला होता. या वेळी तो उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगेने रस्त्यापासून वेगळा काढलेला. महापौर एरिक ॲडम्स यांनी तो मोडून जुन्या पद्धतीचा उघडा पट्टा करायचं जाहीर केलं. तेही निवडणुकीचंच वर्ष. हसिदी रहिवाशांची तक्रार या वेळी मुलांबद्दल होती: बसमधून उतरून फुटपाथकडे धावणारी मुलं सायकलखाली येतात. सायकलवाल्यांचं म्हणणं होतं की संरक्षण काढलं तर आम्ही मोटारींखाली येऊ. प्रकरण कोर्टात गेलं. बसचं दार, धावणारं मूल आणि येणारी सायकल, यांच्यात रस्त्याची आखणी कशी असावी, हा प्रश्न त्याच रस्त्यावर सोळा वर्षांपूर्वीही होता. तेव्हा त्याच्यावर प्लास्टिकचे स्तन बांधलेले कोट येऊन पडले, आणि तो तसाच राहिला.